इतिहास दफ्तरातून गावात
(शिक्षक, ग्रंथपाल व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



"इतिहास-संशोधन आणि सामान्य जन" हा विषय आज माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. विषयाची व्याप्ती मोठी आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी तो एका प्रश्नापुरता मर्यादित करतो. संशोधक दफ्तरखान्यात बसून जे शोधून काढतो, ते ज्यांच्या पूर्वजांविषयी असते त्या लोकांपर्यंत पोचते काय? आणि पोचवायचे तर ते कोणत्या रीतीने पोचवावे?

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या सोयीचा आहे असे कोणी समजू नये. गावातल्या एखाद्या जुन्या देवळाविषयी विचारले, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते: पांडवांनी ते एका रात्रीत बांधले. तांबडी सुर्ल येथील महादेवाचे देऊळ कदंबकालीन आहे, हे अभ्यासकांनी त्याच्या बांधणीवरून आणि कोरीव कामावरून ठरविले आहे. तरीही देवळाच्या परिसरात उभ्या असलेल्या यात्रेकरूला कदंब कोण, हे सांगणारा माणूस भेटेलच असे नाही. संशोधन झाले आहे, ग्रंथही छापले गेले आहेत. मात्र ग्रंथालयातील कपाट आणि देवळाची पायरी यांमधले अंतर कायम राहिले आहे. हे अंतर कमी करण्याचा मार्ग कोणता, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. इतिहासकाराने लोकांपुढे केवळ आपला निष्कर्ष ठेवणे पुरेसे नाही. तो निष्कर्ष ज्या पुराव्यावर उभा आहे तो पुरावाही त्याने लोकांच्या भाषेत, लोकांना तपासता येईल अशा रीतीने ठेवला पाहिजे. मराठी इतिहास-संशोधनाची जुनी परंपरा हीच आहे. ती आपण काही प्रमाणात विसरलो, म्हणून हे अंतर वाढले.

या परंपरेचा आरंभ कसा झाला ते पाहू. ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याचे मराठी भाषांतर झाले आणि तोच प्रमाण मानला जाऊ लागला. १८६७ मध्ये नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने पुण्यातील तरुणांच्या एका सभेपुढे निबंध वाचून त्या ग्रंथातील उणिवा दाखविल्या. तो निबंध 'विविधज्ञानविस्तार' या मासिकात छापला गेला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मराठीतील ही इतिहासचिकित्सा एका जाहीर सभेत वाचली गेली आणि सर्वसामान्य वाचकांच्या मासिकात प्रसिद्ध झाली. डफसाहेबाचे चुकले कोठे, याचा निवाडा करण्यास वाचकालाच बोलावण्यात आले होते.

त्यानंतर १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने आणि त्यांचे सहकारी यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले व त्यातून जुन्या बखरी आणि पत्रे क्रमाने छापली. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिक्षक होते. पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातील कागद पाहण्याची संधी त्यांना मिळाली. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी ते कागद वाचले, त्यांची निवड केली, आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने ते प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. आज येथे बसलेल्या शिक्षकबंधूंना मी हे मुद्दाम सांगत आहे. खरेशास्त्री कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. वर्गात संस्कृत शिकविणाऱ्या या शिक्षकाने जे काम केले, त्याच्या आधारावाचून पेशवाईच्या उत्तरकाळाचा इतिहास आज कोणालाही लिहिता येणार नाही.

१८९८ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतील पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या प्रसंगासंबंधीची अस्सल पत्रे आहेत. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. राजवाडे गावोगाव हिंडले, कोणाच्या माळ्यावरचे तर कोणाच्या पेटाऱ्यातले रुमाल त्यांनी सोडवून पाहिले, आणि जे सापडले ते सविस्तर प्रस्तावना जोडून मराठीतच छापले. इंग्रजीत लिहिल्याने त्यांचे नाव दूरवर गेले असते. परंतु ज्यांच्या घरातून कागद आले त्यांना ते वाचता आले पाहिजेत, असा त्यांचा बाणा होता. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते याच वृत्तीतून.

या सर्वांच्या कामात एक समान गोष्ट आहे. त्यांनी कागद छापला आणि त्यासोबत आपले मतही छापले. मत पटले नाही, तर वाचकाच्या हाती कागद होताच. त्यामुळे वाचकाला शिष्य होऊन नुसते ऐकावे लागले नाही. त्याला पंचाच्या नात्याने विचार करता आला.

याचा परिणाम काय होतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाख शुद्ध द्वितीयेस, म्हणजे १६२७ साली झाला, असे बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानले जात होते. भोर भागातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षावार घटनांची त्रोटक टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तीत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा नोंदलेला आढळला. ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० या तारखेस येते. पुढे परमानंद कवीचे 'शिवभारत' तंजावरच्या संग्रहातून उपलब्ध झाले व १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शिवकालातच रचलेल्या या काव्यातही तीच तिथी मिळाली. राजस्थानात सापडलेल्या एका जुन्या जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला.

तरीही वाद एका दिवसात मिटला नाही. कोणी बखरीची बाजू घेतली, कोणी शकावलीची. वृत्तपत्रांतून लेख आले, सभांतून भाषणे झाली. महाराष्ट्र शासनाने १९६६ मध्ये जाणकारांची समिती नेमली, तेव्हाही एकमत झाले नाही. अखेर २००१ मध्ये शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आजही काही मंडळी तिथीने जयंती साजरी करतात, तो भाग निराळा.

या हकीकतीतून मी तीन गोष्टी घेतो. पहिली अशी की, निर्णायक ठरलेला कागद कोणा राजाच्या संग्रहातून आला नाही, तो एका गावातील घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपला होता. दुसरी अशी की, तो प्रसिद्ध झाल्यामुळेच इतरांना तो ताडून पाहता आला. कोणा एका विद्वानाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची वेळ आली नाही. आणि तिसरी अशी की, पूज्य पुरुषाच्या जन्मतिथीसारख्या नाजूक विषयातही लोक आपले मत बदलू शकतात, मात्र त्यांना पुरावा दाखवावा लागतो आणि विचार करण्यास वेळ द्यावा लागतो. "लोकांना असले काही ऐकवत नाही" असे जे विद्वान म्हणतात, त्यांनी या उदाहरणाकडे पाहावे.

आता दुसऱ्या एका रीतीकडे वळतो. सर्वच वाचक मूळ पत्रे वाचत बसणार नाहीत. त्यांना सलग, समजेल असे कथन हवे असते, आणि ही अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करणारे थोर गृहस्थ म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई. १८८९ पासून १९२५ पर्यंत ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते. राजपुत्रांच्या शिक्षणाचे काम करीत असता त्यांनी जी टिपणे काढली, त्यांतून 'रियासत' मालेचा उगम झाला. लोक त्यांना रियासतकार म्हणूनच ओळखू लागले. निवृत्तीनंतर पेशवे दफ्तरातील हजारो रुमालांमधून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड त्यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. म्हणजे सामान्य वाचकासाठी रियासत लिहिणारा आणि अभ्यासकांसाठी साधने छापणारा लेखक एकच होता. लोकांसाठी लिहिले की विद्वत्ता कमी होते, ही समजूत खोटी आहे, याला सरदेसायांचे आयुष्य हाच दाखला आहे. नवीन कागद मिळाले की ते आपल्या जुन्या ग्रंथात दुरुस्ती करीत. सामान्य वाचकासाठी लिहिले आहे म्हणून जुने तसेच राहू द्यावे, असे त्यांनी मानले नाही.

बडोद्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची रचना हाती घेतली. खेड्यांत ग्रंथालये निघाली, फिरत्या पेट्यांतून पुस्तके गावोगाव जाऊ लागली. ग्रंथ लिहिणारा असावा लागतो, तसा तो गावापर्यंत नेणारा राज्यकारभारही असावा लागतो. येथे बसलेल्या अधिकारीवर्गाने एवढे लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. इंदूर आणि ग्वाल्हेर येथेही होळकरशाही व शिंदेशाही यांच्या इतिहासाची साधने मराठीत प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने आपल्या इतिहासाचे कागद आपल्या भाषेत छापण्याचे काम उपेक्षिले नाही, ही अभिमानाची बाब आहे.

आता आपल्या गोमंतकाकडे येतो. येथील पुराभिलेखागाराचा उगम १५९५ मध्ये झाला. दियोगु दु कोउतु हा इतिहासलेखक त्याचा पहिला प्रमुख होता. लिस्बनशी पावसाळी वाऱ्यांच्या हंगामात होणारा पत्रव्यवहार, शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार, राज्यसभेच्या बैठकींचे वृत्तान्त, गावकाऱ्यांचे कागद अशी अमूल्य संपत्ती तेथे साठली. या दफ्तराला वाचा फोडली ती डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी. सत्तरीतील पिसुर्ले गावी १८९४ मध्ये त्यांचा जन्म झाला. सुमारे तीन दशके ते या दफ्तराचे प्रमुख होते. राज्यसभेच्या वृत्तान्तांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात संपादित केले. मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज बाजू त्यांच्यामुळेच प्रकाशात आली.

त्या बाजूचे महत्त्व काय? १६८३ च्या नोव्हेंबरात विजरई कोंदी द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज मदतीस धावून आले आणि पोर्तुगीज सैन्याला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात मराठ्यांनी जुवे बेट घेतले व गोवा शहर संकटात सापडले. ही हकीकत केवळ आपल्या बखरींतून सांगितली तर ऐकणारा म्हणेल, आपलेच लोक आपली स्तुती करीत आहेत. परंतु प्रतिपक्षाच्या कागदांतच त्याची भीती आणि त्याची धावपळ नोंदलेली सापडते, तेव्हा त्या कथनाला बळकटी येते. उलट, आपल्या बाजूची अतिशयोक्तीही तेच कागद उघडी करतात. दोन्ही गोष्टी लोकांपुढे ठेवण्याचे धैर्य इतिहासकाराजवळ असावे लागते.

पण येथे भाषेची अडचण आली. डॉ. पिसुर्लेकरांचे मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांविषयीचे लेखन आधी पणजीतील वास्को द गामा संस्थेच्या पत्रिकेत पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध झाले. त्या काळच्या राज्यव्यवस्थेत ते स्वाभाविक होते. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रकाशित केला. म्हणजे सत्तरी-पेडण्याच्या शेतकऱ्याला आपल्याच परिसरात घडलेल्या घटनांचा हा साधार वृत्तान्त आपल्या वाचनाच्या भाषेत मिळण्यास दशकांमागून दशके लोटावी लागली. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, डॉ. पिसुर्लेकरांचे निधन झाले. मराठी ग्रंथ त्यांच्या हयातीत निघाला, हे त्यातल्या त्यात समाधान.

आज पोर्तुगीजची जागा इंग्रजीने घेतली आहे. विद्यापीठातील प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहिले जातात आणि ते वाचणारे मोजकेच असतात. गावकऱ्यांसाठी मराठीत किंवा कोंकणीत लिहिलेला लेख प्राध्यापकाच्या बढतीच्या वेळी फारसा हिशेबात धरला जात नाही. त्यामुळे विद्वान गप्प राहतो. पण लोकांची जिज्ञासा गप्प राहत नाही. रिकामी राहिलेली जागा भ्रमणध्वनीवर फिरणारा निनावी मजकूर भरून काढतो. त्यात सन नसतो, कागदाचा ठावठिकाणा नसतो, आणि एका गावाला किंवा जमातीला दुसऱ्याविरुद्ध चिथावणी मात्र असते. याचा दोष केवळ लोकांवर टाकता येणार नाही. ज्याला ठाऊक होते तो बोलला नाही, हेही त्याचे कारण आहे.

मग इतिहासकाराने लोकांपुढे कसे बोलावे? माझ्या मते त्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. काय घडले? ते आपल्याला कशावरून कळले? आणि कोणती गोष्ट अद्याप कळलेली नाही? यांतील तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. "हे सांगण्यास पुरावा नाही" असे म्हणणाऱ्या वक्त्याची पत लोकांत कमी होत नाही, उलट वाढते. गावचा माणूस जमिनीच्या कज्ज्यात कागदाची किंमत पुरती ओळखतो. उताऱ्यावर नोंद नसेल तर काय होते, हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याच न्यायाने इतिहासात कागद का हवा, हे त्याला सहज पटते.

देवस्थानाच्या आख्यायिकेची चेष्टा मात्र करू नये. आख्यायिका हाही एक प्रकारचा पुरावा आहे. घटना घडली की नाही याचा नसला, तरी लोकांनी ती कशी स्मरणात ठेवली याचा तो असतो. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली आणि अनेक देवता नदीपलीकडे नेण्यात आल्या, ही स्मृती आपल्या कुळाचारांत टिकली आहे. त्याच काळच्या पोर्तुगीज जमीननोंदींत, म्हणजे फोरालांत, देवळांच्या जमिनी उतरवून घेतल्या गेल्या. देवळे गेली, पण सरकारी वसुलीसाठी केलेल्या याद्यांत त्यांची नावे शिल्लक राहिली. एकीकडे लोकस्मृती आणि दुसरीकडे शासकांची नोंदवही, ही दोन्ही समोर ठेवली म्हणजे इतिहास पुरा होतो.

आता ग्रामस्थांचा वाटा. आपल्या घरी मोडी, मराठी, कन्नड वा पोर्तुगीज भाषेतील जुने कागद असतील, तर ते जाळू नयेत, पाण्यात सोडू नयेत. ते उन्हात न वाळविता सावलीत, कोरड्या जागी, स्वच्छ कापडी रुमालात ठेवावेत. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवून घेऊ नये. तसे केलेला कागद पुढे दुरुस्त करणे दुरापास्त होते. मूळ कागद द्यावयाचा नसेल तर त्याचे छायाचित्र किंवा प्रत घेऊ द्यावी. कागद कोणी नेत असेल तर त्याच्याकडून लेखी पोच घ्यावी, आणि कागद कोणत्या घरातून, कोणत्या गावातून आला याची नोंद त्यासोबत ठेवावी. ठावठिकाणा हरवलेल्या कागदाचे मोल अर्धे होते.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी विशेष सावध राहावे. शिलालेखावर तैलरंग फासला जातो, वीरगळ पायरीत बसविला जातो, जुन्या फरशीवर नव्या लाद्या येतात. काम हाती घेण्यापूर्वी प्रत्येक जुन्या दगडाचे छायाचित्र काढावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. शिलालेख खरवडून उजळ करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

शिक्षकांना माझी सूचना अशी आहे. वर्षातून एकदा मुलांकडून गावातील एका वास्तूची, एका शिळेची किंवा एका जुन्या कागदाची नोंद करवून घ्यावी आणि प्रत्येक विधानापुढे "हे कोणी सांगितले?" हा रकाना ठेवावा. मुलगा पुढे संशोधक झाला नाही तरी चालेल. ऐकलेली आणि पाहिलेली गोष्ट यांतील भेद त्याला कळला, म्हणजे इतिहासाचा तास सत्कारणी लागला. ज्यांना शक्य असेल त्यांनी मोडी लिपी शिकून घ्यावी. कागद असून वाचणारा नसणे, हे कागद नसण्यासारखेच आहे.

अधिकारीवर्गाला एवढेच सांगतो की, शासनाच्या अनुदानातून जे संशोधन होते, त्याचा आठ-दहा पृष्ठांचा सुबोध मराठी व कोंकणी सारांश संबंधित गावाच्या पंचायतीत आणि शाळेत पोचविण्याची अट घालता येण्यासारखी आहे. खर्च अल्प आहे, उपयोग मोठा आहे. आणि संशोधक बंधूंनी, ज्या गावातून साधने मिळाली त्या गावात परत जाऊन एक तास बोलावे. तेथे जे प्रश्न विचारले जातील, ते विद्यापीठातील परीक्षकांच्या प्रश्नांहून सोपे असतील, अशा भ्रमात मात्र राहू नये.

मिरजेच्या एका शिक्षकाने आणि कारीच्या एका घराण्याने आपापले काम केले, म्हणून आपल्याला इतिहासाचा काही भाग निश्चितपणे सांगता येतो. तुमच्या गावात कोणता रुमाल अजून सुटावयाचा आहे, हे मला येथून सांगता येणार नाही. तो शोधणे तुमच्या हाती आहे, आणि तो सापडल्यावर त्यात काय लिहिले आहे ते तुम्हांला तुमच्या भाषेत वाचून दाखविणे हे आम्हा अभ्यासकांचे कर्तव्य आहे.